बाद झालेला प्रश्न

मोजणी केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. ऋजुता बोरवणकर भिंतीवरच्या आलेखासमोर उभ्या होत्या आणि त्यांना आनंद होत नव्हता. व्हायला हवा होता, हे त्यांना कळत होतं. तीस वर्षांच्या नोकरीत असा आलेख त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

केंद्राचं पूर्ण नाव 'शालेय तंत्र परिणाम मोजणी केंद्र'. कराडच्या लोकांनी त्यातलं 'मोजणी' तेवढं उचललं. त्यामुळे अधूनमधून कुणीतरी सातबारा घेऊन यायचं आणि आमच्या बांधाची मोजणी कधी करताय म्हणून विचारायचं. त्यांना भूमी अभिलेखच्या कचेरीचा रस्ता दाखवणं हेही केंद्राचं एक काम होऊन बसलं होतं. खरं काम निराळं. शाळांसाठी एखादं नवं यंत्र निघालं की ऋजुताबाई चिठ्ठ्या टाकून शाळांचे दोन गट करायच्या. एका गटाला यंत्र द्यायचं, दुसऱ्याला नाही. दुसऱ्या म्हणजे तुलनेच्या शाळा. मग दोन्हीकडच्या मुलांची एकच परीक्षा घ्यायची आणि फरक मोजायचा. तुलनेच्या शाळा उगाच का थांबतील? म्हणून त्यांना वचन दिलेलं असायचं, की यंत्र चांगलं निघालं तर सगळ्यात आधी तुम्हाला.

तर अशी किती यंत्रं आली आणि गेली. पाट्यांच्या जागी पडदे आले, बोलक्या भिंती आल्या, आभासी चष्मे आले, कधीच न चिडणारा यांत्रिक गुरुजी आला. नव्याचे नऊ दिवस. दरवेळी पुढारी फीत कापायचे, आणि दोन वर्षांनी ऋजुताबाई अहवालात दोन शब्द लिहायच्या: फरक नाही. यंत्र विकणारे त्यांना पाठीमागे 'फरक-नाही बाई' म्हणायचे. बाईंना ते नाव आवडायचं. खोट्या गोष्टीचा त्यांना वासच यायचा म्हणा ना. एखादा आकडा जरा जास्त गुळगुळीत दिसला की त्यांच्या कपाळावर आठी चढायची, आणि मग तो आकडा देणाऱ्याची काही खैर नसायची.

आणि आता धीरपट्टी. भिंतीवरच्या आलेखात दोन रेषा होत्या. तुलनेच्या शाळांची रेषा नेहमीसारखी रखडत वर चाललेली. धीरपट्टीच्या शाळांची रेषा पहिल्या वर्षीच तिला सोडून निघाली होती आणि तिसऱ्या वर्षी दुपटीच्या वर होती. अहवाल लिहून तयार होता. आठवड्याभराने पुण्यात राज्य समितीची बैठक होती. तिथं मंजुरी मिळाली की जूनपासून राज्यातल्या पहिलीच्या प्रत्येक मुलाच्या कपाळाला पट्टी लागणार होती.

त्या मुलांत ऋजुताबाईंची नातही होती. ओवी, पुण्यात असायची, जूनमध्ये पहिलीत जाणार होती. मुक्ता, तिची आई, ऋजुताबाईंची एकुलती एक मुलगी, एका बँकेत होती. ओवीची शाळा खासगी; तिनं पालकांवर सोडलं होतं, हवी तर लावा, नको तर नको. मुक्ताने सरळ आईवर सोडलं होतं.

"तू हो म्हणालीस तर लावीन, नको म्हणालीस तर नाही," ती फोनवर म्हणाली होती. "जगातली सगळी यंत्रं तू नापास केलीस. हे तू पास केलंस तर मला आणखी कुणाला विचारायचंय?"

धीरपट्टी बनवणारा निरंजन तळवलीकर तीन वर्षांपूर्वी ती घेऊन आला, तेव्हा याच खोलीत बसला होता. मेंदूविज्ञानातला माणूस, बोलायला गोड. ऋजुताबाईंनी त्याला दोन तास सोलून काढला होता.

"मूल गणितात अडतं म्हणजे नेमकं काय होतं?" निरंजनने विचारलं होतं. "बाई, मेंदू सारखा अंदाज बांधत असतो. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि पायरी नसते. पोटात धस्स होतं ना?"

"होतं."

"अंदाज आणि समोरची गोष्ट जुळली नाही की कपाळामागे एक लहर उठते. आम्ही तिला खटका-लहर म्हणतो. तुम्हाआम्हाला ती नुसती टोचते. पण ज्या पोराला वर्ग चारदा हसलाय, त्याच्या डोक्यात ती उठली की ते घाबरतं आणि पेन्सिल खाली ठेवतं. त्याला गणित येत नाही असं नव्हे. त्याला खटका सोसत नाही. पट्टी ती लहर ओळखते आणि उलटी लहर सोडून तिला निवळवते. मूल पुढे जातं, बस."

"आणि पुढे जाऊन चुकलं तर?"

"चूक त्याला पडद्यावर दिसते. ते दुरुस्त करतं. फक्त घाबरत नाही."

"पट्टी काढल्यावर काय?"

"काढली की पहिल्यासारखं. निदान आमच्या चाचण्यांत तरी. पण त्या सहा आठवड्यांच्या होत्या. त्यापुढचं तुम्ही मोजा, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

ऋजुताबाईंचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. जे यंत्र पोराच्या अंगाला लागणार, ते आधी आपल्या अंगाला. यंत्र तपासणारे पुष्कळ असतात; ते स्वतः वापरून बघणारे फार थोडे. शाळेत गेल्या की बाई मागच्या बाकावर बसायच्या, कपाळाला पट्टी बांधायच्या आणि तास संपेपर्यंत काढायच्या नाहीत. तीन वर्षं जवळपास रोज असं चाललं होतं. केंद्रातले सगळे मदतनीसही तसंच करायचे. वगळलेला एकच, केंद्राचा संख्याशास्त्रज्ञ इम्तियाज शिकलगार. त्याला लहानपणापासून फिट्स यायच्या. डोक्याला कुठलंही विजेचं यंत्र लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"फुकटचा बसतोस," ऋजुताबाई त्याला म्हणायच्या.

"बसतो. तुम्ही मरा सगळे, मी आकडेमोड करीन," इम्तियाज म्हणायचा. तीस वर्षं शेजारी टेबल असलेली माणसं अशीच बोलतात.

तोच इम्तियाज त्या सकाळी प्रयोगशाळेत आला आणि आलेखाकडे न बघता खुर्ची ओढून बसला.

"सतरावा प्रश्न बाद केलाय आपण," तो म्हणाला.

"छपाईत चुकला होता. चुकलेला प्रश्न बाद करायचा असतो. तूच तीस वर्षं करतोयस."

"करतो, म्हणूनच कधी बघत नाही. बाद म्हणजे बाद. काल सहज उघडून बघितला." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून समोर धरला. "वाच."

ऋजुताबाईंनी वाचलं. *सुमनच्या टोपलीत चोवीस पेरू होते. तिने त्यातले काही पेरू मैत्रिणींना वाटले. आता टोपलीत किती पेरू उरले?*

"किती वाटले तो आकडा छापायचा राहिला," त्या म्हणाल्या.

"राहिला. आता ऐक. तुलनेच्या शाळांतली पोरं इथं अडली. निम्म्यांनी कोरं सोडलं. काहींनी पुन्हापुन्हा खोडलंय, कागदाला भोक पडेपर्यंत. आणि बऱ्याच जणांनी लिहिलंय, बाई, किती वाटले? एकाने लिहिलंय, गणित चुकलंय, माझे मार्क कापू नका." इम्तियाजला हसू आलं, पण लगेच गेलं. "आणि पट्टीच्या शाळा. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव पोरांनी उत्तर लिहिलंय. बारा. वीस. अठरा. चार. सुवाच्य अक्षरात, एकदाही न खोडता."

"पट्टी लावलेली होती, मग अडतील कशाला?"

"परीक्षेला पट्ट्या काढलेल्या होत्या, ऋजुता. तुझाच नियम."

ऋजुताबाईंनी कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या, "म्हणजे लहर परत येत नाही. सहा आठवड्यांत येते. तीन वर्षांत येत नाही. जे वापरलं नाही ते झिजतं." त्यांचा आवाज हवापाण्यावर बोलावं तसा होता.

"झिजतं. त्यांना गणितं येतात, आपल्यापेक्षा भराभर येतात. पण समोर काही चुकीचं आलं तर ते चुकीचं आहे हे त्यांना लागत नाही. तो आलेख खरा आहे. बरोबर छापलेले प्रश्न ती पोरं सोडवतातच. आयुष्यात प्रश्न बरोबर छापून येत नाहीत, एवढीच अडचण."

"बरोबर आहे."

इम्तियाज त्यांच्याकडे बघत राहिला. "एवढंच?"

"काय एवढंच?"

"तीन वर्षांपूर्वी मी तुला हे सांगितलं असतं तर तू टेबलावर हात आपटून अर्धं केंद्र गोळा केलं असतंस." तो जरा थांबला. पुढचं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं, हे दिसत होतं. "प्रश्नपत्रिकेची शेवटची प्रत कुणी तपासली?"

"मी. तीनदा वाचली."

"तीनदा. तुला खटकलं नाही?"

ऋजुताबाई एके काळी समोरच्या माणसाच्या हातातल्या कागदावरचा चुकलेला अनुस्वार उलट्या बाजूने ओळखायच्या. सगळ्या केंद्रात त्याची दहशत होती. त्या आठवायला लागल्या. सतरावा प्रश्न वाचल्याचं त्यांना नीट आठवत होतं. सोपा, स्वच्छ प्रश्न वाटला होता. पुढे गेल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"शेवटचं काही खटकल्याचं आठवतंय?"

त्यांनी प्रामाणिकपणे शोधलं. त्यांचा नवरा माधव गेल्या वर्षी गेला. पोटाचा कर्करोग, कळला तेव्हा फार उशीर झालेला. त्याआधी सहा महिने तो वाळत चालला होता. ताटातली भाकरी अर्धी टाकायचा. एकदा हॉलमध्ये बसून खिळा आणि हातोडी घेऊन कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडत होता, आणि ऋजुताबाई शेजारून चहा घेऊन गेल्या होत्या. तो म्हणाला होता, पट्टा सैल झालाय. त्या म्हणाल्या होत्या, बरं. शेजारची बाई विचारायची, भाऊ असे का दिसतात हो? त्यांना प्रश्नच कळायचा नाही. माधव दिसत होता तसा दिसत होता.

हे सगळं त्यांनी इम्तियाजला सांगितलं. क्रमाने, काही न वगळता. इम्तियाजने चष्मा काढला आणि डोळे पुसले. ऋजुताबाईंचे डोळे कोरडे होते. आपल्याला दुःख झालं पाहिजे, एवढं त्यांना समजत होतं. कुठे काय झालं हे माहीत असणं आणि ते लागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही त्यांना त्याच क्षणी समजलं, आणि तेही लागलं नाही.

"एका प्रश्नावर अहवाल फिरवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "शाळेत जाऊन तोंडी विचारू."

दुसऱ्या दिवशी ते दोघं जीप घेऊन निघाले. पहिली शाळा धीरपट्टीची. चौथीचा वर्ग. ऋजुताबाईंनी पट्ट्या काढून ठेवायला सांगितल्या आणि फळ्यासमोर उभं राहून विचारलं, "एका गाडीत चाळीस माणसं बसली. ओगलेवाडीला काही उतरली. आता गाडीत किती?"

सगळे हात वर. "वीस." "तीस." "पस्तीस." कुणी कुणाकडे बघितलं नाही. तीन पोरांनी तीन उत्तरं दिली होती, तरी शेजारच्याचं वेगळं कसं, हेही कुणाला वाटलं नाही. पोरं हुशार होती, टवटवीत होती, नीट बसली होती. इम्तियाज खिडकीपाशी गेला आणि बाहेर बघत उभा राहिला.

तुलनेची शाळा डोंगराच्या पलीकडे होती. तिथे शेवाळे गुरुजी वाट बघत होते. पन्नाशीचा माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, आवाजात तक्रार.

"म्याडम, तीन वर्सं थांबलोय आम्ही," ते उंबऱ्यातच म्हणाले. "पलीकडच्या गावची पोरं पाढं घडाघडा म्हणत्यात, आन् आमची अजून बोटं मोजत्यात. पालक मला खात्यात. आता तरी देताय न्हवं पट्ट्या?"

"बघू," ऋजुताबाई म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. तोच प्रश्न विचारला.

वर्ग शांत झाला. कुणी पेन्सिल चावायला लागलं, कुणी वर बघायला लागलं. मागच्या बाकावर दोघांची कुजबुज सुरू झाली. एका मुलाच्या कपाळावर घाम आला. मग दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली.

"बाई, किती उतरली त्ये तुम्ही सांगितलंच न्हाई."

"नाही का सांगितलं?"

"न्हाई. मग कसं सांगायचं?" तिचा आवाज चिडका झाला होता. "तुम्हीच चुकलाय."

सगळा वर्ग खदखदा हसला. शेवाळे गुरुजी ओशाळले. "मोठ्यांना असं बोलत्यात व्हय गं," ते तिला दटावायला लागले. इम्तियाजने पुढे होऊन त्यांना थांबवलं. "गुरुजी, हिला काही बोलू नका. हिच्यासाठीच आलो होतो." गुरुजींना त्याचा अर्थ लागला नाही. जाताना त्यांनी पुन्हा पट्ट्यांचं विचारलं.

जीपमध्ये ऋजुताबाई म्हणाल्या, "अहवाल बदलते. शिफारस नाही असं लिहिते."

"तुला पटलंय?"

"पूर्ण. तुला?"

इम्तियाज रस्त्याकडे बघत म्हणाला, "पटलंय. पण दोनच वर्ग बघितले आपण. एक प्रश्न, तोही अपघाताने चुकलेला. आणि ती पहिली पोरं, ऋजुता, त्यांतली निम्मी तीन वर्षांपूर्वी गणिताच्या तासाला पोटात दुखतं म्हणून घरी बसायची. आता हसत येतात. ते मी त्यांच्याकडून काढून घेतो आणि उद्या मीच चुकीचा निघालो तर?"

"तू चुकीचा नाहीस."

"हे तू इतक्या सहज म्हणतेस ना, त्याचीच मला भीती वाटते," इम्तियाज म्हणाला.

पुण्याची बैठक सकाळी अकराला सुरू झाली. समितीच्या अध्यक्षा मंजिरी देवकुळे, हुशार बाई, शिक्षण खात्यात त्यांचं नाव होतं. टेबलाभोवती आठ-दहा माणसं. ऋजुताबाईंनी आत शिरताच पाहिलं, सगळ्यांच्या कपाळाला पट्ट्या होत्या. मोठ्यांसाठीच्या, जरा बारीक, सोनेरी कडेच्या. दोन वर्षांपूर्वी निरंजनच्या कंपनीने खात्याला सप्रेम भेट दिल्या होत्या. पट्टी लावली की फायली भराभर हलतात, असा अनुभव आल्यामुळे ती कुणी काढत नव्हतं.

ऋजुताबाईंनी अर्धा तास बोलून सगळं मांडलं. खटका-लहर म्हणजे काय, ती सतत निवळवली तर कायमची कशी झिजते, सतरावा प्रश्न, दोन्ही वर्ग. स्वतःचंही मांडलं. "प्रश्नपत्रिकेतली चूक माझ्या हातून सुटली, कारण तीन वर्षं मीही पट्टी लावत होते. म्हणजे हे मोठ्यांनाही होतं. या खोलीतल्या सगळ्यांना झालं असणार." आणि शेवटी: "हे यंत्र तपासायला जो ते लावून बघेल, त्याला त्यात काही वावगं दिसणं शक्य नाही. म्हणून माझी शिफारस नाही."

देवकुळेबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली. "युक्तिवाद निर्दोष आहे. कुणाला काही शंका?"

कुणालाच नव्हती.

"मग मला एक विचारायचंय," देवकुळेबाई म्हणाल्या. "तीन वर्षांच्या आकड्यांत हे यंत्र दुप्पट गुण देतं. त्याविरुद्ध तुमच्याकडे एक बाद प्रश्न आणि दोन वर्ग आहेत. पुरावा कमी असला तर जाणकाराच्या मतावर जावं लागतं. तुमचं मत ठाम आहे?"

"ठाम आहे. मला पूर्ण खात्री आहे."

"पण बोरवणकरबाई, तुम्हीच आत्ता सांगितलंत. तुमची शंका घ्यायची शक्ती गेलेली आहे. ज्याला शंकाच येत नाही, त्याच्या खात्रीला किंमत काय? उद्या तुम्ही उलट शिफारस केली असतीत तरी एवढीच खात्री वाटली असती."

ऋजुताबाईंनी विचार केला. बोलण्यात कुठेही फट नव्हती. आदल्या महिन्यात पहिला अहवाल लिहिताना त्यांना खरंच एवढीच खात्री होती. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्याकडे पट्टी न लावलेला कुणी आहे?"

"डॉ. शिकलगार. ते बसलेत मागे."

इम्तियाज उभा राहिला.  रात्रभर तो झोपला नव्हता, डोळे लाल झाले होते.

"शिकलगार, तुमचं मत या खोलीत ग्राह्य धरता येईल असं एकमेव मत आहे," देवकुळेबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात थट्टा नव्हती. "तुम्ही म्हणाल तसं करू. हे यंत्र मुलांचं नुकसान करतंय, याची तुम्हाला खात्री आहे?"

इम्तियाजने तोंड उघडलं. त्याच्यासमोर दोन वेण्यांची मुलगी असेल, पोटात दुखतं म्हणून घरी बसणारी पोरं असतील, अपघाताने चुकलेला एक प्रश्न असेल. तीस वर्षं त्याने एकच धर्म पाळला होता, आकडे जेवढं सांगतात तेवढंच बोलायचं. ऋजुताबाई त्याच्याकडे बघत होत्या. काय उत्तर द्यायला हवं हे त्यांना ठाऊक होतं, आणि इम्तियाजलाही ठाऊक होतं.

"मला दाट शंका आहे," तो म्हणाला.

"मी खात्रीचं विचारते आहे."

"खात्री... खात्री नाही म्हणता येणार. आणखी एक वर्ष द्या. पुन्हा मोजतो."

"तुलनेच्या शाळांना आपण वचन दिलंय. आणखी एक वर्ष थांबायला त्या तयार नाहीत, त्यांची पत्रं आली आहेत. ज्यांना खात्री आहे त्यांची धरता येत नाही, आणि ज्यांची धरता येते त्यांना ती नाही. मग आकडे उरतात." देवकुळेबाईंनी सभोवार पाहिलं. "मंजूर?"

मंजूर झालं. एकमताने. नंतर बटाटेवडे आणि चहा आला.

इम्तियाजने वड्याला हात लावला नाही. तो बाहेर जिन्यात जाऊन बसला होता. ऋजुताबाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"खोटं बोलायला हवं होतं मी," तो म्हणाला. "एक शब्द होता. आहे, एवढंच म्हणायचं होतं."

"तुला जमलं नसतं. तुला जमलं असतं तर तुझं मत त्यांनी विचारलंच नसतं."

"तुला राग नाही आला माझा?"

"नाही."

इम्तियाजने मान खाली घातली. तो रडत होता, मोठ्या माणसाने जिन्यात बसून रडू नये तसा. ऋजुताबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. हात कुठे ठेवतात हे त्यांना आठवत होतं.

तेवढ्यात मुक्ताचा फोन आला. "आई, झाली का बैठक? ओवीचं काय ठरवू?"

ऋजुताबाईंनी तिला सगळं सांगितलं, समितीला सांगितलं तसंच. "तिला लावू नकोस," त्या म्हणाल्या. "तिला कधी काही खटकणार नाही. कुणी फसवलं तरी नाही. आजारी पडली तरी नाही. बाबांचं मला कळलं नाही, ते यामुळेच."

मुक्ता नीट ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "पटलं आई. अगदी बरोबर आहे तुझं."

"मग नाही ना लावणार?"

"अगं, पण मंजूर झालंय ना? मग वर्गात सगळ्यांना असणार. ही एकटीच बिनपट्टीची, म्हणजे मागेच पडणार. लावते मी. मीसुद्धा बँकेत लावतेच की दोन वर्षं. काही होत नाही." तिचा आवाज हसरा होता. "तू जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून घे," मुक्ता म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" इम्तियाजने विचारलं.

"पटलं म्हणाली. लावणार आहे."

इम्तियाज त्यांच्याकडे बघत राहिला. ऋजुताबाई फोन हातात धरून बसल्या होत्या. या ठिकाणी माणूस काहीतरी करतो, एवढं त्यांना कळत होतं. काय करतो ते आतून येत नव्हतं.

"इम्तियाज, आत्ता मी काय करायला हवं?" त्यांनी विचारलं. "तुला कळत असेल. सांग, मी करते."

त्याने बाहीने तोंड पुसलं. "परत फोन लाव. भांड तिच्याशी. ओरड. शपथ घाल, रुसून बस, काय वाट्टेल ते कर. आई भांडली की पोरगी निदान एकदा थबकते."

ऋजुताबाईंनी फोन लावला. मुक्ताने लगेच उचलला.

"मुक्ता," त्या म्हणाल्या, "मला तुझ्याशी भांडायचंय."

"बरं आई," मुक्ता शांतपणे म्हणाली. "बोल."